घरची वही कोणाच्या हातीं?

जुलै महिना लागला म्हणजे आमच्या शहरांतील सुशिक्षित घरांत दरवर्षीं एक ठराविक प्रकार सुरू होतो. पगारदार गृहस्थांची प्राप्तीवरील कराचें विवरणपत्र भरण्याची मुदत सामान्यतः या महिन्याच्या अखेरीस संपते, आणि आठ दिवस उरले असतां घरचे यजमान कपाट उपसूं लागतात. विम्याची पावती देवघराच्या फडताळांत सांपडते, शाळेच्या फीची पावती रद्दीच्या गठ्ठ्यांत निघते, बँकेचा व्याजाचा दाखला मुळींच सांपडत नाहीं, आणि औषधाच्या दुकानाची पावती म्हणून जपून ठेवलेला कागद शाई उडाल्यामुळें कोरा होऊन हातीं येतो. शेवटीं जें सांपडेल तें कर-सल्लागारापुढें टाकून, "आतां तुम्हीच काय तें पाहा," असें म्हणून यजमान मोकळे होतात. या प्रकाराला कोणी आळस म्हणतील, कोणी अव्यवस्था म्हणतील. आमच्या मतें रोगाचें मूळ याहून खोल आहे. ज्या घरांत पैशाचा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यांत राहतो आणि बाकीच्यांनीं त्याविषयीं विचारणें हा अविनय समजला जातो, त्या घरांत पावत्यांची व्यवस्था लागणें कठीण आहे. पावत्या कोठें ठेवाव्या या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटांत घरची वही कोणाच्या हातीं असावी हा मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच आज आम्ही विचार करणार आहों.

हा कर आपल्याकडे १८६० सालीं आला. १८५७ च्या धामधुमींत सरकारचा खजिना रिता झाला होता. तो भरण्यासाठीं विलायतेहून आलेले अर्थमंत्री जेम्स विल्सन यांनीं तो बसविला. पुढें तो उठला, पुन्हां बसला, आणि १८८६ च्या कायद्यानें कायमचा झाला. परक्या सरकारनें आपणांस न विचारतां बसविलेल्या कराविषयीं आपल्या आजा-पणजांना प्रेम वाटलें नाहीं हें योग्यच होतें. पण त्या काळच्या पुढाऱ्यांनीं त्या रागाचें काय केलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं हिशेब मांडला. दादाभाई नौरोजींनीं सरकारच्याच आंकड्यांवरून ब्रिटिश हिंदुस्थानांतील माणसी वार्षिक प्राप्ति सुमारें २० रुपये ठरविली, आणि तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही याहून अधिक आहे हें दाखवून दिलें. १९०२ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सरकारच्या शिलकेचे आंकडे सरकारपुढेंच ठेवले आणि करांच्या ओझ्यांत सूट मागितली. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला व प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली. त्याचें सगळें श्रेय एका भाषणास देतां येणार नाहीं. परंतु ज्याला हिशेब वाचतां येतो त्याचें बोलणें सरकारला ऐकून घ्यावें लागतें, एवढा बोध त्यांतून निश्चित निघतो.

आज कर बसविणारी संसद आपणच निवडून दिलेली आहे. १९६१ चा प्राप्तिकराचा कायदा तिनें केला, आणि त्याच्या जागीं १ एप्रिल २०२६ पासून अमलांत यावयाचा नवा कायदाही २०२५ सालीं तिनेंच संमत केला. तेव्हां आतां राग आला तर जाब विचारण्याची जागा आपल्या घरांतलीच आहे. पण वर्षाकाठीं आपल्या घरांत किती आलें, किती गेलें आणि त्यांतील किती करापायीं गेलें हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें ओट्यावर बसून देशाच्या अंदाजपत्रकावर टीका केली तर तिचें वजन किती? "आम्ही प्राप्तिकर भरत नाहीं, आम्हांस काय त्याचें?" असेंही कोणी म्हणूं नये. साबणाच्या वडीवर आणि चपलांच्या जोडावर वस्तु-सेवाकर प्रत्येकजण देतो. तो किती दिला हें ज्या कागदावर छापलेलें असतें, तीच पावती आपण दुकानाच्या पायरीवर फेकून येतों!

आमच्या व्यापारी बंधूंना वहीचें माहात्म्य सांगावयास नको. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ते वहीला हळदकुंकू वाहतात. दुकानांत रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, आणि संध्याकाळीं शिल्लक जुळल्यावांचून दिवा मालवावयाचा नाहीं, अशी जुन्या पेढ्यांची शिस्त होती. परंतु हाच गृहस्थ दुकान बंद करून घरीं आला म्हणजे त्याची शिस्त उंबऱ्याबाहेर राहते. दुकानच्या गल्ल्यांतून घरखर्चास रक्कम उचलली ती 'घरखर्च' या एका शब्दाखालीं पडते, आणि पुढें तिचें काय झालें हें वही सांगत नाहीं. पगारदाराची तऱ्हा निराळी नाहीं. कचेरींतली फाईल त्याला डोळे मिटून काढतां येते. घरची पावती मात्र डोळे उघडूनही सांपडत नाहीं.

आपण घरची वही ठेवीत नसलों तरी आपल्या घराची एक वही दुसरीकडे चालू आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नाहीं. २०२१ सालापासून प्राप्तिकर खातें प्रत्येक करदात्याचें वार्षिक माहितीपत्रक तयार करीत असतें. बँकेनें दिलेलें व्याज, समभागांवरील लाभांश, समभागांची विक्री, घरजमिनीचा मोठा व्यवहार, इत्यादि नोंदी बँका, कंपन्या व नोंदणी कचेऱ्या तेथें परस्पर पाठवितात. ही वही सरकार लिहितें. ती बरोबर कीं चूक हें पाहण्याचें काम आपलें आहे. एकच रक्कम दोनदां लागलेली, संयुक्त खात्याचें सगळें व्याज एकाच्याच माथीं मारलेलें, असे प्रकार तींत घडूं शकतात, आणि नोंद चुकीची असल्यास तसें कळविण्याची सोयही तेथेंच केलेली आहे. पण चुकीचें हें चुकीचें म्हणण्यास आपल्याजवळ बरोबर काय आहे? सावकाराच्या वहीवर डोळे मिटून आंगठा उठविणाऱ्या कुळाची आपण कींव करतों. सरकारच्या वहीवर डोळे मिटून होकार देणारा पदवीधर त्याहून फारसा पुढें गेलेला नाहीं.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. शहरांतील कितीतरी कागदांवर आज घरच्या बाईचें नांव असतें. महाराष्ट्रांत २०२१ सालापासून स्त्रीच्या नांवें राहतें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा एकाची सवलत मिळते. म्हणून घर पत्नीच्या नांवें होतें. ठेवींचे तुकडे पाडावयाचे म्हणून तिच्या नांवें ठेव होते. पेढींत भागीदार दाखवावयाचा म्हणून तिचें नांव भागीदारीच्या लेखांत जातें. तिच्या नांवाचें विवरणपत्रही दाखल होतें. तिनें यांपैकीं काय वाचलें आहे? "येथें सही कर," एवढें तिला सांगण्यांत येतें, आणि संकेतशब्द व फोनवर येणारे आंकडे तर तिलाही न विचारतां दुसराच कोणी वापरतो. वकील या नात्यानें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, ज्याच्या नांवाचें विवरणपत्र त्याची जबाबदारी. त्यांतील मजकूर खोटा निघाला तर नोटीस बाईच्या नांवें येईल, आणि "मला ठाऊक नव्हतें" हें उत्तर तिच्या फारसें उपयोगीं पडणार नाहीं. शिवाय पतीनें मोबदल्यावांचून पत्नीला दिलेल्या पैशाचें व्याज कायदा पतीच्याच प्राप्तींत धरतो. तिच्या स्वतःच्या कमाईचें वा स्त्रीधनाचें व्याज मात्र तिचें. कोणता पैसा कोठून आला याची नोंद नसेल तर तिचें तें तिचें आणि त्याचें तें त्याचें हें कोण आणि कशावरून ठरविणार?

स्त्रियांच्या हक्कांसाठीं कायद्यानें थोडेंथोडकें केलें नाहीं. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानें १९३७ सालीं हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत हिस्सा मिळाला. १९५६ च्या वारसा कायद्यानें तिच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९९४ सालीं महाराष्ट्रानें, आणि २००५ सालीं सर्व देशानें, मुलीला जन्मतःच एकत्र कुटुंबाची हिस्सेदार केलें. प्राप्तिकराच्या कायद्यांत एकत्र कुटुंब हा स्वतंत्र करदाता आहे, आणि अशा कुटुंबाची वडील मुलगी त्याची कर्ता होऊं शकते असा निकाल दिल्ली हायकोर्टानें २०१५ सालीं दिला. कायदा येथवर आला. कपाटाची किल्ली मात्र जेथल्या तेथें आहे. ज्या कर्तीला कुटुंबाचें खातें कोणत्या बँकेंत आहे हें माहीत नाहीं, तिचें कर्तेपण कागदावरचें. माहितीवांचून हक्क म्हणजे दोरावांचून विहीर. पाणी आहे, पण तहान भागत नाहीं.

याचा परिणाम घरचा कर्ता पुरुष अकस्मात् गेला म्हणजे दिसतो. तेरावा होतो न होतो तोंच बँकेचा, विम्याचा, घरकर्जाचा आणि प्राप्तिकराचा प्रश्न दारीं येतो. मृताचें त्या वर्षाचें विवरणपत्र वारसानें भरावें लागतें. परंतु ठेवी किती, कोठें, कर्ज कोणाचें, उसनें कोणास दिलें, विम्याचे हप्ते चालू होते कीं बंद पडले, हें सांगणारा मनुष्यच गेलेला असतो. दहा वर्षें कोणी न विचारलेल्या बँकेंतील ठेवी रिझर्व्ह बँकेच्या २०१४ सालीं स्थापन झालेल्या निधीकडे जातात, आणि अशा ठेवींचा शोध एके ठिकाणीं लागावा म्हणून २०२३ सालीं त्या बँकेनें 'उद्गम' नांवाची सोय काढली. सोय चांगली आहे. पण आपल्याच वडिलांच्या पैशाचा पत्ता मुलांनीं सरकारी यंत्रणेला विचारावा, यांत आपल्या घराच्या कारभाराची शोभा काय? पुष्कळांची समजूत असते कीं नामनिर्देशन केलें म्हणजे संपलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालींच विम्याच्या एका प्रकरणांत सांगितलें आहे कीं, नामनिर्देशित व्यक्ति पैसे हातीं घेण्यास पात्र असते. मालकी वारसांचीच राहते. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीस चौघांपर्यंत नांवें लावतां येतात. नांवें अवश्य लावावीं. पण ज्यांचीं लावलीं त्यांना तें सांगावें तरी!

यावर कांहीं आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, नव्या करपद्धतींत बहुतेक वजावटी राहिल्याच नाहींत, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकानें त्या पद्धतींत, कांहीं विशेष प्रकारची प्राप्ति वगळतां, वार्षिक १२ लाखांपर्यंत कर माफ केला. मग पावत्या जपून करावयाचें काय? याचें उत्तर असें कीं, पावती वजावटीपुरतीच असते ही समजूतच चुकीची आहे. जुनी पद्धत सोयीची कीं नवी, हेंही दोन्हींचे आंकडे मांडल्यावांचून कळत नाहीं. समजा, एकानें २००८ सालीं घर घेतलें आणि २०१२ सालीं त्यावर एक मजला चढविला. आज तें विकावयाचें झाल्यास नफ्यावर शेंकडा साडेबारा, किंवा महागाईचा हिशेब धरून शेंकडा वीस, यांपैकीं सोयीचा दर जुलै २०२४ पूर्वीं घेतलेल्या घरास निवडतां येतो. पण कोणत्याही दरानें मजल्याचा खर्च वजा मिळावयाचा तर गवंड्याच्या, लोखंडाच्या आणि सिमेंटच्या पावत्या हव्यात. त्या नसल्या तर स्वतःच्या घामाच्या पैशावर नफा म्हणून कर भरण्याची पाळी येईल. सोन्याचेंही तसेंच. झडतींत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम व पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करूं नयेत, असें १९९४ चें सरकारी फर्मान आहे. त्याहून अधिक असेल तर सराफाची पावती किंवा आजीच्या मृत्युपत्रांतील ओळच कामीं येईल.

दुसरा आक्षेप असा कीं, बायकांना यांतलें कळत नाहीं. ज्या बाईला महिनाभराचा किराणा, दुधाचा रतीब, गॅस आणि मुलांच्या फिया ठरलेल्या रकमेंत बसवितां येतात, तिला व्याजाचा दाखला वाचतां येणार नाहीं असें म्हणणें हें तिच्या बुद्धीपेक्षां म्हणणाराच्या मनाची परीक्षा करणारें आहे. तिसरा आक्षेप असा कीं, पैसा सर्वांना कळला म्हणजे घरांत भांडणें होतात. भांडणें होतात हें खरें. पण जीं आज जेवणाच्या पानावर मिटलीं असतीं तीं झांकून ठेवल्यामुळें उद्यां दिवाणी कोर्टांत मिटवावीं लागतात, आणि तेथें वर्षें किती जातात हें आमच्या धंद्याच्या माणसास विचारावें.

मग करावें काय? उपाय खर्चाचा नाहीं. वर्षाच्या प्रारंभीं एक जाड वही घ्यावी आणि चार पाकिटें करावीं: पहिल्यांत आलेल्या पैशाचे कागद, म्हणजे पगारपत्रक, व्याज, भाडें, लाभांश, दुसऱ्यांत विमा, औषधोपचार, शाळा, देणगी व घरकर्ज यांच्या पावत्या, तिसऱ्यांत घर, सोनें, वाहन वगैरे मोठ्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे कागद, चौथ्यांत भरलेल्या कराचीं चलनें व मागील विवरणपत्रें. यंत्रांतून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची छपाई लवकर उडते. म्हणून त्या पावतीचें छायाचित्र त्याच दिवशीं घ्यावें आणि रक्कम वहींत उतरावी. वहीच्या पहिल्या पानावर सर्व खातीं, ठेवी, विमे, कर्जें आणि लावलेलीं नांवें लिहावीं. वरचेवर लागणारे कागद निदान सात वर्षें ठेवावे. तिसरें पाकीट मात्र ती वस्तु विकून कराचा निकाल लागेपर्यंत फाडूं नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पतिपत्नींनीं, आणि मुलें जाणतीं असल्यास त्यांनींही, अर्धा तास एकत्र बसून ही वही पुरी करावी. असें बारा महिने केलें म्हणजे जुलैंत विवरणपत्राला दोन संध्याकाळी पुरतात. कर-सल्लागाराकडे अवश्य जावें. पण त्याला विचारण्यास जावें, सगळें त्याच्यावर टाकून येण्यास नव्हे.

एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं. पावत्या ठेवाव्या म्हणतांना आम्ही खऱ्या पावत्यांविषयीं बोलतों. न दिलेल्या भाड्याची पावती सासऱ्याकडून लिहून घेणें, न दिलेल्या देणगीचा कागद टक्केवारीनें विकत घेणें, गिऱ्हाइकाला 'कच्ची हवी कीं पक्की' असें विचारणें, हे प्रकार आपल्या शहरांत व्यवहारचातुर्य म्हणून खपतात. जुलै २०२५ मध्यें प्राप्तिकर खात्यानें खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या दलालांविरुद्ध देशभर सुमारें दीडशे ठिकाणीं तपास केला, आणि त्यांत महाराष्ट्रही होता. प्राप्ति जाणूनबुजून चुकीची दाखविल्यास चुकविलेल्या कराच्या दुपटीइतका दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षां दुसरी गोष्ट आम्हांस अधिक लागते. ज्या घरीं बाप मुलासमोर खोटी पावती लिहितो, त्या घरीं मुलाला नागरिकशास्त्र कोणी शिकवावयाचें? जी वही सर्वांसमोर उघडावयाची आहे तींत खोटें लिहिण्यास हात कांपतो. घरची वही उघडी असावी म्हणतों तें यासाठींही.

आम्ही स्वराज्य मिळविलें तें हिशेब मागण्याचा अधिकार मिळावा म्हणून. सरकारनें आपला जमाखर्च लोकांपुढें मांडावा हें तत्त्व आम्हांस मान्य आहे, आणि त्यांत कसूर झाली तर आम्ही सरकारची गय करीत नाहीं. मग तेंच तत्त्व घराच्या उंबऱ्याशीं कां अडावें? राज्याच्या खजिन्याचा जाब विचारणारा गृहस्थ घरच्या खजिन्याचा जाब पत्नीला देत नसेल तर त्याची लोकशाही दारापर्यंतच आहे असें म्हणावें लागेल. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला दुकानच्या वह्यांशेजारीं घरचीही एक वही पाटावर ठेवावी, आणि तिच्यांतील पहिली ओळ घरच्या गृहिणीनें आपल्या हातानें लिहावी. हें ज्या घरीं होईल, त्या घरीं पुढच्या जुलैंत कपाट उपसावें लागणार नाहीं, आणि दुर्दैवानें कधीं कठीण काळ आला तर त्या घरची बाई कोणाच्या तोंडाकडे पाहत बसणार नाहीं.